तीनशे चिप्स पुरतात

पोकरच्या चिप्स घ्यायला निघालेला माणूस सहसा दोनच गोष्टी विचारतो: चिपचं वजन किती, आणि पेटी अ‍ॅल्युमिनियमची आहे का. विक्रेत्याकडे दोन्हींची उत्तरं तयार असतात. खेळाशी मात्र त्या दोन्हींचा फारसा संबंध नसतो. विचारायचं ते हे की आपण जास्तीत जास्त किती जण बसणार, आणि कोणत्या रंगाच्या किती चिप्स लागणार. हा हिशोब घरी कागदावर केला नाही, तर ५०० चिप्सची सात-आठ किलोंची पेटी घरात येते आणि त्यातल्या निम्म्या चिप्स कधी टेबलावर येतच नाहीत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. इथे बोलतोय ते घरगुती टूर्नामेंटबद्दल. म्हणजे सुरुवातीला सगळ्यांना सारख्या चिप्स, ज्याच्या संपल्या तो बाहेर, शेवटी उरला तो विजेता. यात चिपची किंमत रुपयांत नसतेच, ते फक्त गुण असतात. त्यामुळे चिपवर २५ असो वा १०००, खिशाला काही फरक पडत नाही. फरक पडतो तो संख्येला.

समजा दहा जण आहेत आणि प्रत्येकाला ५,००० गुणांनी सुरुवात करून द्यायची आहे. पहिला ब्लाइंड (पत्ते वाटण्याआधी दोन खेळाडूंना सक्तीनं लावावे लागणारे गुण) २५-५० ठेवू. प्रत्येकाला २५ च्या आठ, १०० च्या आठ, ५०० च्या चार आणि १००० च्या दोन चिप्स द्या. २०० अधिक ८०० अधिक २,००० अधिक २,०००, झाले ५,०००. माणशी २२ चिप्स, म्हणजे दहा जणांच्या मिळून २२०. तास-दीड तासानं ब्लाइंड १००-२०० पर्यंत चढले की २५ ची चिप निरुपयोगी होते. मग त्या सगळ्या काढून घ्यायच्या आणि मोठ्या द्यायच्या. याला कलर-अप म्हणतात. २५ च्या ऐंशी चिप्स म्हणजे २,०००, त्यांच्या बदल्यात हजाराच्या दोन. पुढे १०० च्या ऐंशी गेल्या की ८,०००, म्हणजे आणखी आठ. थोडक्यात हजाराच्या दहा जास्तीच्या हव्यात. एकूण २३०. लवकर बाहेर पडलेल्या चौघांना पुन्हा एकदा बसू द्यायचं ठरवलं, तर प्रत्येकी हजाराच्या पाच, म्हणजे अजून वीस. झाल्या २५०. ३०० च्या संचात हे सगळं बसून पन्नास उरतात. आठच जण असतील तर १८४ मध्ये भागतं, म्हणजे २०० चा संचही चालेल, फक्त त्यात रंगांची विभागणी जुळायला हवी.

आणि खरी मेख या विभागणीतच आहे. ‘३०० चिप्स’ हा आकडा खोक्यावर ठळक असतो, पण आत कोणत्या रंगाच्या किती ते बारीक अक्षरांत किंवा नुसत्या फोटोत. पाच रंगांच्या साठ-साठ असा संच आला, तर वरच्या हिशोबाला लागणाऱ्या ८० त्यातल्या कुठल्याच रंगात नाहीत. तोडगा आहे: २५ च्या चार, १०० च्या चार, ५०० च्या पाच आणि १००० च्या दोन दिल्या तरी ५,००० होतात आणि दहा जणांना पुरतात. पण मग पहिला तासभर टेबलावर एसटीच्या कंडक्टरसारखं ‘सुटे द्या, सुटे द्या’ चालू राहतं. प्रत्येक डावाला कुणीतरी १०० ची मोड मागतं आणि खेळ रेंगाळतो. लहान किमतीच्या चिप्स भरपूर आणि मोठ्या मोजक्या, असा संच शोधा. तसा मिळत नसेल तर रंगानुसार सुट्या चिप्स विकणारा विक्रेता गाठा. सुट्या चिप्स बहुधा २५ च्या रोलमध्ये येतात.

दुसरा प्रश्न छापील आकड्यांचा. १, ५, २५, १००, ५०० असे आकडे छापलेले संच पैशांच्या खेळाच्या धर्तीवर बनवलेले असतात. टूर्नामेंटमध्ये १ ची चिप कुणी हातात घेत नाही, आणि नेमक्या त्याच चिप्स अशा संचात पुष्कळदा सर्वांत जास्त असतात. असा संच आधीच घरात असेल तर फेकू नका. ब्लाइंड ५-१० पासून सुरू करा, ५ च्या दहा, २५ च्या सहा आणि १०० च्या आठ देऊन हजाराची सुरुवात करून द्या. १ च्या चिप्स पेटीतच राहू द्या. नवा घेणार असाल तर मात्र आकडे नसलेला घ्या. कडेला फाशांची नक्षी असलेल्या चिप्स बऱ्यापैकी स्वस्त असतात आणि त्यांना किंमत आपण ठरवू ती. एका कार्डावर ‘हिरवी २५, काळी १००, जांभळी ५००, पिवळी १०००’ असं लिहून टेबलावर ठेवलं की काम झालं. अमेरिकेतल्या कसिनोंत साधारण हेच रंग चालतात, त्यामुळे व्हिडिओ पाहून शिकलेल्यांनाही ते ओळखीचे वाटतात. पण जांभळा गडद असेल तर काळा-जांभळा, तसंच काळा-गडद निळा ही जोडी टाळाच. आपल्याकडे दिवाणखान्यात रात्री पिवळा दिवा असतो, आणि त्या उजेडात हे दोन रंग एकाच चळतीत बेमालूम मिसळतात. मग शंभरावर पाचशे गेले म्हणून जी भांडणं होतात, ती पत्त्यांवरून होणाऱ्या भांडणांपेक्षा लांबतात.

आता वजन. ‘१४ ग्रॅम, कसिनो दर्जा’ ही जाहिरात सर्रास दिसते. प्रत्यक्षात कसिनोतली चिप बहुधा साडेआठ ते दहा ग्रॅमची असते. बाजारातली ११.५ किंवा १४ ग्रॅमची चिप जड होते ती आत बसवलेल्या लोखंडी चकतीमुळे, वर सगळं एबीएस प्लास्टिक. लहानशा चुंबकाचा तुकडा लावून पाहा, लगेच कळतं. या चिप्सना ‘क्ले कॉम्पोझिट’ म्हणायची पद्धत आहे, पण त्यात माती शोधू नये. ‘सिरॅमिक’ चिपही कुंभाराच्या भट्टीतली नसते, तो कडक पॉलिमर असतो आणि त्याच्या पूर्ण पृष्ठभागावर छपाई केलेली असते. सिरॅमिक दिसते सुंदर, आवाजही मऊ, पण घरच्या खेळासाठी तिची किंमत परवडत नाही. ११.५ आणि १४ यांत निवडायची वेळ आली तर ११.५ घ्या. हातात फरक जाणवेल, खेळात जाणवणार नाही. ३०० चिप्सचं वजन साडेतीन किलोंच्या आसपास राहील आणि रिक्षातून मित्राच्या घरी नेताना खांदा भरून येणार नाही.

किमतीचं म्हणाल तर पेटीवरची एकूण किंमत बाजूला ठेवून एका चिपला किती पडतात ते काढा. खाली दिलेले आकडे अंदाजाचे आहेत, सणासुदीच्या सवलतीत खालीवर होतात. दोन-चार ग्रॅमच्या साध्या प्लास्टिकच्या चिप्स एकीला तीन ते सहा रुपये. लोखंडी चकतीच्या एबीएस चिप्स आठ ते पंधरा. सिरॅमिक याच्या तीन-चार पट सहज. म्हणजे ३०० चा चांगला एबीएस संच अडीच ते साडेचार हजारांत बसायला हवा. त्याहून जास्त मागत असतील तर पैसे पेटीचे आहेत असं समजा. अ‍ॅल्युमिनियम म्हणून विकली जाणारी पेटी बहुतेक वेळा पातळ फायबरबोर्डवर चिकटवलेला चमकदार पत्रा असते. कुरिअरमध्ये तिचे कोपरे चेपतात आणि वर्षभरात बिजागरी निखळते. शंभर चिप्सचे पारदर्शक प्लास्टिकचे रॅक, वीस-वीसच्या पाच ओळींचे, तीन घेतले की त्यांचं बस्तान जुन्या सुटकेसमध्ये किंवा लाडवांच्या मोठ्या डब्यात आरामात बसतं.

हजाराच्या आत काय मिळतं? साध्या प्लास्टिकच्या पातळ चिप्स. मुलांना नियम शिकवायला उत्तम, पण दहा-बारांच्या चळतीला पंख्याखाली बसलेल्या काकांचा कोपर लागला की सगळं घरंगळतं. त्यापेक्षा पहिले दोन-तीन खेळ चिंचोक्यांवर करा असं मी म्हणेन. दिवाळीत तीन पत्तीला चिंचोके आणि कवड्या लावून आपल्या घरांनी पिढ्यान् पिढ्या काम भागवलं आहे. चिंचोके शंभराचे, कवड्या पाचशेच्या, राजमा पंचवीसचा. मंडळी खरंच दर महिन्याला जमतात का, की पहिल्या उत्साहानंतर गळतात, ते त्यात कळेल. जमत असतील तर मग साडेतीन हजार खर्च करायला हरकत नाही.

दुकानात जाऊन घेणार असाल (मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या खेळण्यांच्या गल्ल्या धुंडाळता येतात, बाकी शहरांत बहुधा ऑनलाइनच) तर एक रोल उघडायला सांगा. वीस चिप्सची चळत टेबलावर उभी करा. नेहमीच्या ३.३ मिलिमीटर जाडीच्या चिप्सची चळत साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास येते आणि सरळ उभी राहते. ती झुकत असेल तर चिप्सची जाडी सारखी नाही. मग एक चिप आडवी ठेवून बोटानं गरकन फिरवा. भोवऱ्यासारखी फिरत राहिली तर मध्ये फुगवटा आहे आणि ती चळतीत घसरणार. कडेवरून अंगठा फिरवा. साच्याची धार लागते का? शेवटी मधल्या स्टिकरच्या काठाला नख लावा. ज्या स्टिकरची कड आत्ताच उचलते तो दिवाळीपर्यंत टिकत नाही. ऑनलाइन घेतलं तर खोकं उघडतानाच व्हिडिओ काढा आणि रंगवार मोजून घ्या. चिप्स मळल्या तर साबणाच्या ओल्या फडक्यानं पुसाव्यात, बादलीत भिजत घालू नयेत.

अमेरिकेतल्या भावाला किंवा मुलीला ‘येताना एक सेट घेऊन ये’ सांगायचा मोह होतो. तिकडे संच स्वस्तही मिळतो. पण १४ ग्रॅमच्या ५०० चिप्स म्हणजे सात किलो, वर पेटी. तेवीस किलोंच्या बॅगेचा तिसरा हिस्सा त्यात गेला, तर ज्यांच्यासाठी बदाम आणि चॉकलेटं यायची होती ते नातेवाईक तुम्हाला माफ करणार नाहीत.

चिप्सशिवाय खर्च थोडाच. पत्त्यांचे दोन कॅट घ्या, पाठीचे रंग वेगळे, म्हणजे एक वाटला जात असताना दुसरा पिसून होतो. कागदी कॅट शंभर रुपयांच्या आगेमागे मिळतो, पण कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात दमट हवेनं पत्ते फुगतात आणि एकमेकांना चिकटतात. पूर्ण प्लास्टिकचा कॅट महाग असला तरी धुऊन वर्षानुवर्षं चालतो, तेव्हा पैसे वाचवायचेच तर चिप्समध्ये वाचवा, पत्त्यांत नको. डीलरच्या खुणेसाठी वेगळं बटण विकत घेऊ नका, कॅरमची राणी ठेवा. टेबलावर जाड चादर अंथरा, चिप्स उसळत नाहीत आणि खालच्या मजल्यावरच्यांना खडखडाट ऐकू जात नाही. ब्लाइंडच्या वेळेसाठी फोनवरचा फुकटचा टायमर पुरतो. १५ मिनिटांचा एक टप्पा ठेवला तर दहा जणांचा खेळ तीन तासांच्या आसपास आटोपतो. जेवण मध्ये ठेवलं तर चार.

पैशांबद्दल स्पष्ट सांगतो: लावू नका. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे आणि रमी मुख्यत्वे कौशल्याचा खेळ असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं १९६८ मध्ये म्हटलं. पोकरबाबत मात्र न्यायालयांचं एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये त्याला कौशल्याचा खेळ मानायला नकार दिला होता. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर तर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदीच आली. गोव्यातल्या मांडवीवरच्या कसिनो बोटींना राज्याच्या कायद्यानं परवानगी आहे, तुमच्या सोसायटीतल्या फ्लॅटला नाही. जेवणाची वर्गणी काढा, पण ती बक्षिसात जाऊ देऊ नका. विजेत्याला फिरता चषक द्या, नाहीतर पुढच्या वेळी भांडी घासण्यातून सुटका. दुसऱ्या बक्षिसासाठी लोक जास्त जिद्दीनं खेळतात.

सहा जणांनी मिळून संच घेतला तर पत्ते धरून माणशी सात-आठशे रुपये पडतात, आणि तो कुणाच्या घरी राहणार यावरून वाद होतो. ज्याच्या घरी लिफ्ट नाही त्याच्याकडे नको, एवढंच सुचवतो. उठण्याआधी रॅक भरून मोजायची सवय लावा. वीसची ओळ अपुरी दिसली की सोफ्याच्या फटीत लगेच शोधता येतं. तरी एखादी हरवतेच, आणि नंतर तिच्या जोडीची मिळत नाही: कारखान्याची खेप बदलली की हिरव्याची छटा बदलते. म्हणून पहिल्याच खरेदीत २५ आणि १०० साठी ठरवलेल्या रंगांचा एकेक रोल जास्तीचा मागून घ्या, त्याच खेपेतला.