पंडरीचा घाम आणि फ्रिजमधले डबे

रायपूरच्या पंडरी कापड बाजारात दिवसभर तागे काढायचे, लावायचे आणि दुकान वाढवल्यावर जिममध्ये वजनं उचलायची, हा माझा नेम. मे महिन्यात इथला पारा ४४ अंशांच्या आसपास असतो. पंख्याखालीही घाम निथळतो आणि काउंटरवरचा फ्रिज खुणावत राहतो. त्या फ्रिजशी झालेल्या ओळखीतून हे चार शब्द.

१. एनर्जी ड्रिंक आणि स्पोर्ट्‌स ड्रिंक ही सख्खी भावंडं नव्हेत. गेटोरेड हे स्पोर्ट्‌स ड्रिंक १९६५ साली फ्लोरिडा विद्यापीठात डॉ. रॉबर्ट केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन फुटबॉलपटूंचा घाम भरून काढायला तयार केलं: पाणी, मीठ आणि साधारण ६ टक्के साखर. रेड बुल या एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलीच्या डब्यात २७ ग्रॅम साखर, म्हणजे जवळपास ११ टक्के. इतकं दाट पाणी पोटातून सावकाश सरकतं. वर त्यात गॅस! खांद्यावर बार घेऊन स्क्वाटला खाली बसलात की ढेकर नाकापर्यंत येतो आणि डोळ्यांत पाणी.

२. कॅफीनला मात्र मी नावं ठेवणार नाही. ते काम करतं. अभ्यासांमध्ये साधारणपणे वजनाच्या दर किलोला ३ मिलिग्रॅमपासून पुढे त्याचा फायदा दिसतो. सत्तर किलोच्या माणसाला २१० मिलिग्रॅम. रेड बुलच्या एका डब्यात असतं सुमारे ७५. म्हणजे जवळपास तीन डबे आणि त्यांच्यासोबत पंचाहत्तरेक ग्रॅम साखर! त्यापेक्षा बिनसाखरेची काळी कॉफी बरी, खिशालाही परवडते.

३. पण रात्री आठला कॉफीही नको. कॅफीन रक्तात निम्मं व्हायला सुमारे पाच तास लागतात. रात्री एक वाजता छताकडे बघत पडायचं आणि सकाळी जांभया देत गिऱ्हाईक करायचं, हा सौदा तोट्याचा.

४. ओआरएस हे जुलाबावरचं औषध आहे, जिमचं सरबत नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं. या सूत्रात न बसणाऱ्या पेयांनी ‘ओआरएस’ हे नाव लावू नये, असा आदेश देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) ऑक्टोबर २०२५ मध्ये काढला. बरं झालं.

५. आमच्या बाजारातल्या हमालांचं पेय बघा. रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवलेली बासी, सोबत मीठ, कांदा, हिरवी मिरची. पाणी, मीठ, पिष्ट, सगळं एका डब्यात. २०२२ साली छत्तीसगडचे तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी कामगार दिनाला हीच ‘बोरे-बासी’ खाण्याचं आवाहन केलं, तेव्हा शहरी मंडळींना तिचं कौतुक सुचलं. हातगाडीवाल्याला ते आधीपासून ठाऊक होतं.

६. तासाभराच्या आत व्यायाम उरकत असेल, तर साधं पाणी पुरे. जास्त वेळ घाम गाळणार असाल, तर अर्धा लिटर पाण्यात सहा छोटे चमचे साखर, दोन चिमूट मीठ आणि अर्धं लिंबू. मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

७. कॅफीनच्या डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: मुलांना, गरोदर व स्तनदा मातांना नको, दिवसाला ५०० मिलीच्या वर नको. जिममधली दहावी-अकरावीची पोरं सेटच्या मधोमध डबा फोडताना दिसली, तर एवढी ओळ त्यांना वाचून दाखवाच.