आईवडिलांनंतर भावंडे

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या व्यक्तीचे सर्वांत दीर्घकाळ टिकणारे नाते बहुधा भावंडांशी असते. आईवडिलांच्या पश्चातही ते चालू राहते. ‘आमच्यामागे याचे कसे होणार?’ ही विवंचना आईवडिलांना जन्मभर असते. परंतु ज्या भावंडावर ही जबाबदारी यावयाची, त्याला मात्र क्वचितच कोणी विचारते. त्याचा होकार गृहीत धरलेला असतो.

बंगळूरच्या बाह्य वर्तुळमार्गावरील बेळ्ळंदूर हे एके काळी तळ्याकाठचे खेडे होते. संगणक-उद्योगामुळे आता तेथे देशभरातील नोकरदार राहतात. त्यांपैकी एखाद्या मराठी कुटुंबाचे उदाहरण घेऊ. वृद्ध आईवडील व अक्षम भाऊ कोल्हापुरास आणि थोरली बहीण बेळ्ळंदूरला, अशी स्थिती असेल, तर वडिलांच्या आजारपणाचा एक दूरध्वनी तिचा सारा संसार ढवळून टाकण्यास पुरेसा होतो. भावाला बंगळूरला आणावे, तर परकी भाषा, बंद सदनिका आणि तुटलेली दिनचर्या त्याला सोसवत नाही. न आणावे, तर अपराधी भाव तिला सोडत नाही. भाऊ जबाबदारी घेतो तेथेही प्रत्यक्ष सेवा पुष्कळदा वहिनीच्या वाट्याला येते. यास्तव तिचेही मत आधी घेतले पाहिजे.

कायद्याची माहिती भावंडांना वेळीच मिळणे अगत्याचे आहे. मूल १८ वर्षांचे झाले की आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपते. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये स्थानिक स्तर समितीकडे पालकाच्या नियुक्तीसाठी अर्ज करता येतो. आईवडिलांप्रमाणे इतर नातेवाइकांनाही तो करता येतो. समितीत जिल्हादंडाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी व एक अपंग व्यक्ती असते. पालकत्व खरोखर आवश्यक आहे काय आणि कोणत्या कामापुरते, हे समिती पाहते. नियुक्त पालकाला सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची सूची व पुढे दरवर्षी हिशेब सादर करावा लागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मर्यादित पालकत्वाची कल्पना आहे. तीत निर्णय परस्परविश्वासाने, संबंधित व्यक्तीच्या इच्छेनुसार घ्यावयाचे असतात.

स्थलांतराचा विचार करताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दिव्यांगत्वाचे वैश्विक ओळखपत्र देशभर चालते. तथापि संजय गांधी निराधार अनुदान योजनेसारखे राज्याचे साहाय्य महाराष्ट्राच्या रहिवाशांपुरतेच असते.

भावंडांना आधार देणे म्हणजे त्यांना दुसरे आईबाप बनविणे नव्हे. सोबत राहणे, पैसा पाहणे, महिन्याकाठी भेटणे, संस्थेतील निवासावर देखरेख ठेवणे, ही निरनिराळी कामे आहेत. त्यांतील कोणते पेलेल, हे प्रत्येकाने स्पष्ट सांगावे आणि नकाराला कृतघ्नता समजू नये. समदुःखी भावंडांची भेटही मोठा दिलासा देते. अशा प्रौढ भावंडांसाठी ब्रिटनमध्ये ‘सिब्ज’ ही स्वतंत्र संस्था आहे.

आईवडिलांनी एक वही अवश्य लिहून ठेवावी. औषधे, बँकेची खाती, आवडीचे पदार्थ, भीती वाटणाऱ्या गोष्टी, झोपेच्या सवयी हे सारे तीत असावे. आईला जे न सांगता कळत होते, ते बहिणीला कोणीतरी सांगावेच लागते. आणि ही वही भरताना अक्षम भावालाही जवळ बसवून घ्यावे. पुढे कोणाबरोबर राहावयाचे, हे शब्दांनी, खुणेने वा नुसत्या चेहऱ्याने तोही सांगू शकतो.