स्फटिकांचे आकार आणि महाराष्ट्राचा काळा कातळ

दगडखाणीत सुरुंग उडाल्यावर कधी कधी काळ्या कातळाच्या पोटातील पोकळी उघडी पडते आणि तिच्या भिंतींवर पांढरे, हिरवट वा गुलाबी स्फटिक चमकू लागतात. कुशल कारागिराने पैलू पाडावेत, तशी त्यांची घडण असते. परंतु त्यांना कोणाचाही हात लागलेला नसतो. मग हे आकार येतात कोठून?

कणांची शिस्त

पदार्थातील अणू, आयन किंवा रेणू ठराविक अंतरावर, एकाच क्रमाने पुनःपुन्हा रचले गेले की स्फटिक तयार होतो. मात्र योग्य जागी बसण्यासाठी कणांना अवधी मिळावा लागतो. काचेचा रस थंड होताना इतका घट्ट होतो की त्यातील कण विस्कळीत अवस्थेतच थिजतात. म्हणून काच टणक असली तरी ती स्फटिक नव्हे. स्फटिकांतील ही सुबक रचना 1912 मध्ये माक्स फॉन लाउए यांच्या क्ष-किरण प्रयोगांमुळे प्रत्ययास आली. पुढच्याच वर्षी ब्रॅग पितापुत्रांनी मिठाची अंतर्रचना उलगडली.

आकार कशावर ठरतो?

मिठात सोडियम व क्लोरीन यांचे आयन काटकोनात एकाआड एक बसतात. म्हणून मिठाचा कण घनाकृती असतो. तुरटीचा स्फटिक आठ पृष्ठांचा होतो. तथापि, केवळ अंतर्रचनेवर सर्व ठरत नाही. ज्या पृष्ठावर कण भराभर बसतात, ते लहान होत होत नाहीसे होते. सावकाश वाढणारी पृष्ठेच अखेर उरतात. द्रावणातील इतर द्रव्यांमुळे ही गती बदलते. पाण्यात युरिया असेल, तर मीठही अष्टफलकाचे रूप घेऊ शकते.

पोकळीतील ठेवा

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थर पसरले. त्यात अडकलेल्या वायूंच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहिल्या. पुढे खडकात मुरलेल्या उष्ण पाण्याने सिलिका, कॅल्शियम आदी द्रव्ये तेथे आणून सोडली. वाढीस मोकळी जागा मिळाल्याने स्फटिकांना आपले पैलू पूर्ण करता आले. गव्हाच्या पेंढीसारखा स्टिल्बाइट, चौकोनी घडणीचा ॲपोफिलाइट आणि पुण्याजवळील वाघोलीचा निळाभोर कॅव्हनसाइट हे नमुने जगभरच्या संग्रहालयांत मानाने ठेवले जातात.

विकासकामांना खडी हवीच. परंतु निसर्गाने सावकाश घडविलेला हा ठेवा क्षणार्धात भुकटी होऊन जातो आणि पुन्हा तयार होत नाही. खाणीत अशी पोकळी आढळल्यास काही नमुने वेगळे काढून त्यांवर गावाचे नाव व तारीख नोंदवावी आणि ते गावच्या शाळेत ठेवावेत. शिक्षकांनी तुरटीच्या संपृक्त द्रावणात दोरा सोडून स्फटिक वाढवून दाखवावा. आपल्या पायाखालच्या कातळाचे मोल विद्यार्थ्यांना त्यातून सहज उमगेल.