दुसरी दुर्बीण

बी. ए. भाग २

आपल्या भूगोल विभागाच्या कपाटात एक द्विनेत्री दुर्बीण आहे. काळी, जड आणि जुन्या पिशवीत ठेवलेली. तिच्यावर १०×५० असे आकडे कोरलेले आहेत. गेल्या वर्षी जानेवारीत पाणपक्ष्यांच्या गणनेसाठी आम्ही एका मामा तलावावर गेलो, तेव्हा या दुर्बिणीची व माझी पहिली ओळख झाली. माजी मालगुजारी तलाव म्हणजे मामा तलाव, हे आपल्या जिल्ह्यातील वाचकांना सांगावयास नकोच. आम्ही विद्यार्थी सोळा होतो आणि दुर्बीण एक होती. माझा क्रमांक अकरावा. नऊ-दहा जणांचे पाहून झाले असेल नसेल, एक शिकारी पक्षी पाण्यावरून गेला आणि बदकांचा सगळा थवा उठला. गणनेची वही माझ्याकडे होती. "तलवार बदक, बेचाळीस," असे कोणीतरी ओरडून सांगितले आणि मी ते लिहून घेतले.

संध्याकाळी घरी बाबांनी विचारले, "किती होते?" मी म्हटले, बेचाळीस. माझे बाबा त्याच भागातील तलावांवर मासेमारी करतात. ते म्हणाले, "तुनं मोजले का?" मला उत्तर देता आले नाही. मी एकही तलवार बदक पाहिले नव्हते. केवळ लिहिले होते.

त्या दिवसापासून दुसऱ्या दुर्बिणीचा विचार माझ्या डोक्यात शिरला. दुसरी दुर्बीण म्हणजे विभागाच्या दुर्बिणीपेक्षा भारी नव्हे. सहज पिशवीत टाकता येईल, बांधावर नेता येईल, दुसऱ्याच्या हातात देताना जीव धाकधूक करणार नाही आणि आमच्यासारख्यांच्या खिशाला परवडेल अशी. ती शोधताना मी एक चूक केली आणि मग थोडा अभ्यास केला. ती चूक व तो अभ्यास या लेखात मांडते.

जत्रेतील दुर्बीण

माझ्याजवळ रोवणीच्या मजुरीतून साठविलेले अडीच हजार रुपये होते. महाशिवरात्रीच्या जत्रेत एका दुकानात लाल भिंगांची, घडी होणारी दुर्बीण दिसली. खोक्यावर ३०×६० असे मोठ्या अक्षरांत होते. विभागाची दहापट आणि ही तीसपट, असा हिशेब करून मी साडेतीनशे रुपये मोजले. घरी आल्यावर आकाशातील घार पाहू लागले, तर एका घारीच्या दोन घारी दिसत. झाडे निळसर-हिरवी दिसत आणि पाच मिनिटांत कपाळ दुखू लागे.

मग कंपासपेटीतील पट्टी घेऊन पुढचे भिंग मोजले. साठ मिलिमीटरचे म्हणून घेतलेले भिंग बावीस मिलिमीटर भरले. तीसपटीचीही परीक्षा घेतली. एका डोळ्याने दुर्बिणीतून आणि दुसऱ्या डोळ्याने नुसते, असे एकाच वेळी भिंतीच्या विटांकडे पाहावयाचे. दुर्बिणीतील एका विटेच्या उंचीत साध्या किती विटा मावतात ते मोजले की ती किती पट मोठे दाखवते हे कळते. आठ विटासुद्धा मावल्या नाहीत. भिंगांचा लाल रंगही दिखाऊच. तो मुलामा लाल प्रकाश परतवून लावतो, म्हणून तर सगळे जग निळसर दिसत होते.

दोन आकड्यांचा अर्थ

कोणत्याही दुर्बिणीवरील पहिला आकडा ती वस्तू किती पट जवळ आणते हे सांगतो. दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. पहिला आकडा जितका मोठा तितकी दुर्बीण चांगली, असे आपल्याला सहज वाटते. पण एक साधे गणित करून पाहावे. बदक ४०० मीटरवर आहे. आठपटीच्या दुर्बिणीतून ते ५० मीटरवर असल्यासारखे दिसेल, दहापटीच्या दुर्बिणीतून ४० मीटरवर. फरक फक्त दहा मीटरचा. मात्र दुर्बीण बदकाबरोबर आपल्या हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढवते. हातात धरून पाहावयाचे असेल, तर सात किंवा आठ पट पुरेशी आहे. दहाच्या बऱ्याच पुढच्या आकड्यांना मात्र तिपाई लागते.

पट वाढली की दिसणारा भूभागही बहुधा आक्रसतो. दुर्बिणीवर अंशांत लिहिलेला कोन हा दृश्याचा विस्तार होय. एक अंश म्हणजे हजार मीटरवर सुमारे साडेसतरा मीटर. विभागाच्या दुर्बिणीवर ६.५ अंश लिहिले आहे, म्हणजे सुमारे ११४ मीटर. आठ अंशांची दुर्बीण सुमारे १४० मीटरचा पट्टा दाखवते. उडणारा पक्षी नवख्या माणसाला दुर्बिणीत सापडत नाही, याचे कारण पुष्कळदा हा अरुंद पट्टा असतो.

आता दुसरा आकडा. पन्नास मिलिमीटरचे भिंग तीस मिलिमीटरच्या भिंगापेक्षा पावणेतीनपट प्रकाश गोळा करते. मग मोठेच भिंग का घेऊ नये? दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की दुर्बिणीतून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. १०×५० मध्ये ती ५ मिलिमीटर, ८×३० मध्ये पावणेचार. आपल्या डोळ्याची बाहुली भर दुपारी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर उघडी असते. म्हणजे दिवसा मोठ्या भिंगाचा जादा प्रकाश बाहुलीच्या कडांवर पडून वाया जातो. दिवस मावळताना बाहुली मोठी होते, अंधारात तरुण डोळ्यांत ती सात मिलिमीटरपर्यंतही जाते. तेव्हा मात्र मोठे भिंग उपयोगी पडते. चांदण्या पाहावयाच्या असतील तर विभागाचीच दुर्बीण बरी. सकाळ-दुपारच्या फिरण्याला आठ बाय तीस पुरते. २१ किंवा २५ मिलिमीटरच्या खिशातील दुर्बिणी आणखी हलक्या असतात, पण त्यांचा झोत अडीच मिलिमीटरच्या आसपास असतो. पहाटेच्या धुक्यात त्या लवकर हात टेकतात.

वजनाची परीक्षा मी गावातील किराणा दुकानाच्या काट्यावर घेतली. विभागाची दुर्बीण ९५० ग्रॅम भरली. तासभर गळ्यात अडकवली की मानेला रग लागते आणि मग ती पिशवीतच राहते. पिशवीत राहिलेल्या दुर्बिणीतून काहीच दिसत नाही, हे वेगळे सांगावयास नको.

लोलकांची गोष्ट

दुर्बिणीचा इतिहास थोडक्यात सांगते. १६०८ मध्ये हॉलंडमधील चष्मे बनविणाऱ्या हान्स लिपरहे याने दुर्बिणीच्या हक्कासाठी अर्ज केला, तेव्हा तेथील सरकारने त्याच्याकडे दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल अशी दुर्बीणही मागितली होती. पुढे १८५४ मध्ये इटलीच्या इग्नाझियो पोरो याने लोलकांच्या, म्हणजे प्रिझमच्या, साहाय्याने उलटी प्रतिमा सुलटी करण्याची रचना नोंदविली. जर्मनीत एर्न्स्ट आबे व त्साईसच्या कारखान्याने तिला १८९४ मध्ये आजचे व्यवहार्य रूप दिले. बाहेरून खांदे रुंद असलेली जुन्या घाटाची दुर्बीण ती पोरोची.

दुसरी रचना सरळ नळ्यांची. ती आटोपशीर दिसते, परंतु तिचे लोलक फार काटेकोर घासावे लागतात आणि त्यांवर विशेष मुलामा द्यावा लागतो. म्हणून कमी पैशांत सरळ नळीपेक्षा पोरोची दुर्बीण बहुधा स्वच्छ दाखवते. पावसात टिकणारी बंद दुर्बीण हवी असेल तर सरळ नळी सोयीची, पण त्याची किंमत मोजावी लागते.

दुकानात करावयाच्या परीक्षा

हे सारे वाचून झाल्यावर उन्हाळ्यात मी नागपूरला मामाकडे गेले. तेथे जुनी घड्याळे व चष्मे दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात दोन जुन्या ८×३० दुर्बिणी होत्या. मी पुढील परीक्षा केल्या. त्यांना एक पैसाही लागत नाही.

पहिली परीक्षा : दुर्बीण हातभर दूर धरून उजेडाकडे करावी. डोळ्याकडच्या भिंगात प्रकाशाचे लहान वर्तुळ दिसते. ते पुरते गोल असावे. त्याच्या कडा करड्या व चौकोनी झाल्या असतील, तर लोलकाची काच हलक्या प्रतीची आहे किंवा ते लहान आहेत असे समजावे.

दुसरी परीक्षा : समोरच्या विजेच्या तारेकडे पाहावे आणि दुर्बीण सावकाश डोळ्यांपासून दूर न्यावी. दोन्ही वर्तुळांत तार एका रेषेत राहिली पाहिजे. एकीकडे वर, दुसरीकडे खाली असेल तर दोन नळ्यांचे जमत नाही. आपले डोळे हे भांडण सोडवू पाहतात आणि त्यांचे स्नायू थकतात. जत्रेतील दुर्बिणीने माझे कपाळ का दुखत होते, ते मला येथे कळले.

तिसरी परीक्षा : पुढच्या भिंगातून टॉर्चचा उजेड टाकून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी होय. थोडी धूळ चालते, बुरशी चालत नाही.

चौथी परीक्षा : चष्मा असणाऱ्यांनी चष्मा लावूनच पाहावे. डोळा भिंगापासून निदान पंधरा मिलिमीटर दूर असतानाही पूर्ण वर्तुळ दिसले पाहिजे. नाहीतर मधला तुकडाच दिसतो.

पहिली दुर्बीण दिसायला नवी होती, पण तारेच्या परीक्षेत नापास झाली. दुसरीचा रंग उडालेला होता, पट्टा नव्हता, पण ती चारही परीक्षांत उत्तीर्ण झाली. दुकानदार अडीच हजार म्हणत होते. अठराशेवर सौदा ठरला. पट्टा आईने जुन्या नाडीचा शिवून दिला. घरी येऊन तोलली तर ५४० ग्रॅम.

वापर व निगा

वापरण्यापूर्वी उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट दिसेल असे करावे. मग डावा मिटून उजव्या भिंगावरील कडे फिरवावे. पुष्कळ जण हे कडे कधी फिरवीतच नाहीत आणि दुर्बिणीला नावे ठेवतात. आपल्याकडे पावसाळ्यात बुरशीचे भय मोठे. दुर्बीण कातडी पिशवीत कोंडू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधांच्या बाटलीत किंवा बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवावी. भिंग पदराने पुसू नये. आधी फुंकर, मग मऊ स्वच्छ कापड. आणि सूर्याकडे दुर्बिणीतून क्षणभरही पाहू नये. डोळा कायमचा जाऊ शकतो. लहान मुलांच्या हातात देताना हे पहिल्यांदा सांगावे.

दुसरी दुर्बीण कशासाठी?

मोबाईलमध्ये झूम असताना हे कशाला, असे मैत्रिणींनी विचारले. मोबाईलचे चित्र काही पटींनंतर नुसते फुगते, त्यात नवे काही दिसत नाही. शिवाय उन्हात पडदाच दिसत नाही. पण माझे खरे उत्तर निराळे आहे.

महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदिया व भंडारा जिल्ह्यांतच उरला आहे. जवळजवळ सहा फूट उंचीचा हा पक्षी पावसाळ्यात धानाच्या बांधीत घरटे करतो. पाहणाऱ्यांनी जवळ गर्दी केली तर तो घरटे सोडतो आणि शेतकऱ्याचे धानही तुडवले जाते. दूरच्या बांधावरून पाहणे हाच त्यावर उपाय. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा होईपर्यंत नवेगावबांध आपल्याच जिल्ह्यात होते. तेथे वन अधिकारी म्हणून राहिलेल्या मारुती चितमपल्ली यांनी पक्षिकोश सिद्ध केला. पक्षी ओळखणारी माणसे आपल्या गावागावांत आहेत. त्यांच्या हातात दुर्बीण मात्र नाही.

मी दुर्बीण आणली त्या दिवशी बाबा म्हणाले होते, "काहाले पायजे ते? डोरे त चांगले आहेत ना तुहे!" चार दिवसांनी ते स्वतःच ती घेऊन तलावाच्या पाळीवर बसले. कमळाच्या पानांवरून चालणाऱ्या कमळपक्ष्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "इतल्या वर्साचा पाह्यतो, पन याची बोटं आजच पाह्यली."

आशियाई पाणपक्षी गणना आपल्याकडे १९८७ पासून दर जानेवारीत होते. यंदाच्या गणनेला आम्ही दोन दुर्बिणी घेऊन गेलो. एक गट पूर्वेच्या पाळीवर, दुसरा पश्चिमेच्या. तलवार बदकांचा एका गटाचा आकडा आला ६१, दुसऱ्याचा ५४. प्रथम आम्ही वाद घातला, मग दोघांनीही पुन्हा मोजले. लव्हाळ्याआडची सात बदके एका पाळीवरून दिसतच नव्हती. ६१ हा आकडा मी वहीत लिहिला, कारण या वेळी मी तो मोजला होता. गेल्या वर्षीचा बेचाळीस कितपत खरा होता, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. एकच दुर्बीण असली की तिचे म्हणणे तपासावयास कोणी नसते.

म्हणून प्राचार्य महोदयांना व विभागाला एक विनंती करते. भारी दुर्बिणीसाठी निधीची वाट पाहण्याऐवजी अशा दोन-तीन साध्या दुर्बिणी पारखून घ्याव्यात आणि ग्रंथालयातील पुस्तकांप्रमाणे त्या कार्डावर घरी द्याव्यात. तोवर माझी दुर्बीण दर शनिवारी विभागात ठेवीत जाईन. ज्यांना हवी त्यांनी न्यावी, सोमवारी परत आणावी. फक्त भिंग पदराने पुसू नये.