फ्रान्स दक्षिणेला, मग गाडी उत्तरेतून का?

प्रश्न : मुलीकडे लंडनला गेले होते, तेव्हा आम्ही युरोस्टार गाडीने पॅरिसला जाऊन आलो. गाडी सेंट पॅन्क्रस स्थानकातून सुटते. इमारत पाहून मला आपल्या सीएसएमटीची आठवण झाली. नकाशा पाहिला तर फ्रान्स लंडनच्या आग्नेयेला आणि हे स्थानक मात्र शहराच्या उत्तरेच्या अंगाला! जावई म्हणाले, पूर्वी ही गाडी थेम्सच्या दक्षिण काठावरच्या वॉटर्लूहून सुटायची. मग ती हलवली का? परदेशी जाणारी गाडी मोठ्या शहरात कुठल्या स्थानकावर आणायची, हे ठरवतात तरी कसं? आणि आपली ढाक्याची गाडी हावडा सोडून भलत्याच स्थानकातून का सुटायची?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दिशेचा अंदाज तुम्ही बरोबर बांधलात. सुरुवातीला इंग्रजांनीही तोच बांधला होता. इंग्लिश खाडीखालचा बोगदा होण्याआधी फ्रान्सला जाणारे लोक बहुधा लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकातून निघत. 1936 ते 1980 पर्यंत तिथून ‘नाइट फेरी’ नावाची गाडी सुटायची. तिचे शयनयान डबे डोव्हरला प्रवाशांसकट बोटीवर चढवत आणि डंकर्कला उतरवून पॅरिसकडे नेत. व्हिक्टोरिया काय किंवा वॉटर्लू काय, दक्षिणेकडून येणारे रूळ या स्थानकांपर्यंत आधीपासून होतेच. त्यामुळे 1994 मध्ये खाडीखालचा बोगदा सुरू झाला तेव्हा वॉटर्लूच्या एका बाजूला पाच लांब फलाटांचं नवं आंतरराष्ट्रीय स्थानक तयार ठेवलं होतं. निकोलस ग्रिमशॉ यांनी त्यावर काचेचं वळणदार छप्पर घातलं. त्या कामाला युरोपातला मानाचा मीस व्हॅन डेर रोह पुरस्कार मिळाला. 14 नोव्हेंबर 1994 रोजी तिथून प्रवासी गाड्या सुटू लागल्या.

अडचण स्थानकात नव्हती, रुळांत होती. फ्रान्समध्ये ताशी 300 किलोमीटरने धावणारी युरोस्टार बोगद्यातून केंट परगण्यात आली की लोकलच्या जुन्या रुळांवर लोकलच्याच मागे चालायची. डोक्यावर विजेची तार नव्हती, वीज बाजूच्या तिसऱ्या रुळातून घ्यावी लागे आणि वेग ताशी 160 किलोमीटरच्या वर जात नसे. पॅरिसला पोचायला तीन तास लागत. त्यामुळे बोगद्यापासून लंडनपर्यंत नवा जलद मार्ग टाकायचं ठरलं. तो शहरात कुठून शिरणार, यावर पुढचं सगळं अवलंबून होतं.

दक्षिण लंडनमधून आणावा तर दाट वस्ती होती आणि लोकांचा विरोधही मोठा होता. 1991 मध्ये सरकारने पूर्वेचा रस्ता निवडला. थेम्सच्या खालून पलीकडे जायचं, स्ट्रॅटफर्डच्या ओसाड पडलेल्या रेल्वे यार्डातून पुढे यायचं, पूर्व लंडनच्या घरांखालून बोगद्याने जायचं आणि शहराच्या उत्तरेला वर यायचं. पूर्व लंडनचा पडका भाग त्या निमित्ताने उभा राहावा, हाही हेतू त्यात होता. उत्तरेकडून आत आलेली गाडी पुन्हा नदी ओलांडून वॉटर्लूला नेणं शहाणपणाचं नव्हतं. आधी किंग्ज क्रॉसच्या खाली जमिनीत नवं स्थानक खोदायची योजना होती, पण खर्च पेलवेना. शेजारीच सेंट पॅन्क्रस अर्धंअधिक रिकामं पडलेलं होतं. 1994 मध्ये तेच ठरलं आणि 1996 मध्ये संसदेने त्यासाठी कायदा केला.

वॉटर्लू हे नाव नेपोलियनच्या पराभवाचं. 1998 मध्ये पॅरिसच्या एका नगरसेवकाने ब्रिटिश पंतप्रधानांना पत्र लिहून ते बदलायची मागणीही केली होती. स्थानक हललं ते या पत्रामुळे, असं काही लोक आजही सांगतात. ते खरं नाही. निर्णय त्याआधीच झालेला होता.

परदेशी गाडीला नुसता फलाट पुरत नाही. तिला लागतं दालन. दालन म्हणजे सामानाची तपासणी, दोन देशांच्या पासपोर्ट खिडक्या आणि गाडी लागेपर्यंत आठ-नऊशे माणसांना बसायला जागा. तुम्ही अनुभवलं असेल, फ्रेंच पोलिसांनी तुमचा पासपोर्ट लंडनमध्येच पाहिला आणि पॅरिसला उतरल्यावर तुम्ही सरळ रस्त्यावर आलात. परतताना ब्रिटिश अधिकारी पॅरिसमध्येच भेटले असतील. दोन्ही देशांनी तसा करारच केलेला आहे. त्यामुळे मोठ्या वस्तीच्या मधोमध, जिथे इंचभर जागा मिळत नाही अशा ठिकाणी, विमानतळावर असतो तसा दालनांचा पसारा मांडावा लागतो.

सेंट पॅन्क्रसला हे दालन मिळालं एका कालव्यामुळे. मिडलंड रेल्वे 1860च्या दशकात लंडनला येत होती तेव्हा वाटेत रीजंट्स कालवा आडवा होता. शेजारच्या किंग्ज क्रॉसचे रूळ त्या कालव्याखालून आले. मिडलंडने ते वरून आणले. त्यामुळे फलाट रस्त्यापेक्षा बरेच उंच झाले आणि त्यांच्या खाली भलंमोठं तळघर तयार झालं. अभियंते विल्यम बार्लो यांनी ते भरून टाकलं नाही, लोखंडी खांबांवर मोकळं ठेवलं, कारण बर्टन गावची बिअर लंडनला याच रेल्वेने येई. तिची पिंपं ठेवायला जागा हवी होती, म्हणून खांबांमधलं अंतरसुद्धा पिंपांच्या मापाने ठरवलं. वर 73 मीटर रुंदीचं छप्पर एकाच कमानीत टाकलं, मधे एकही खांब नाही. 1868 मध्ये स्थानक सुरू झालं. जवळजवळ एकशे चाळीस वर्षांनी फलाटाच्या जमिनीला मोठी भोकं पाडून त्या अंधाऱ्या तळघरात उजेड आणला आणि तिथे पासपोर्टच्या खिडक्या बसवल्या. तुम्ही सामान घेऊन ज्या रांगेत उभ्या होतात, ती जागा बिअरच्या पिंपांची.

हे स्थानक आज उभं आहे हेच मला विशेष वाटतं. 1960च्या दशकात ते पाडायच्या गोष्टी चालल्या होत्या. कवी जॉन बेट्जमन आणि त्यांच्यासारख्या काही जणांनी आवाज उठवला, 1967 मध्ये इमारतीला पहिल्या श्रेणीचं संरक्षण मिळालं. बेट्जमन यांचा पुतळा वरच्या मजल्यावर आहे, मान वर करून छप्पर न्याहाळणारा. सीएसएमटीची आठवण तुम्हाला झाली तीही योग्यच. दर्शनी बाजूचं हॉटेल जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचं. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी पुढे मुंबईचं टर्मिनस रचलं, त्यावर या इमारतीची छाप असल्याचं वास्तुकलेचे अभ्यासक सांगतात.

अर्थात सगळं आयतं नव्हतं. युरोस्टारची गाडी जवळजवळ 400 मीटर लांब आणि बार्लो यांचं छप्पर 210 मीटरचं. उत्तरेच्या बाजूला सपाट छपराचा मोठा वाढीव भाग बांधावा लागला. 14 नोव्हेंबर 2007 रोजी गाड्या इथून सुटू लागल्या आणि पॅरिस सव्वादोन तासांवर आलं. लीड्स, एडिंबरा, मँचेस्टर, बर्मिंगहॅम या बाजूच्या गाड्या किंग्ज क्रॉसला किंवा चालत जाण्याच्या अंतरावरच्या युस्टनला येतात. उत्तर इंग्लंडहून थेट पॅरिसला गाड्या सोडू, असं वचन लोकांना दिलं होतं आणि ते कधीच पाळलं गेलं नाही. निदान तिथल्या माणसांना आता शहर ओलांडावं लागत नाही. तोटा झाला तो दक्षिण आणि नैर्ऋत्येच्या प्रवाशांचा. वॉटर्लूचे ते सुंदर फलाट तेरा वर्षं वापरून पुढे सुमारे दहा वर्षं तसेच पडून होते. आता तिथून लोकल सुटतात. ही उधळपट्टी होती असं मला वाटतं. नवा मार्ग आधी ठरवला असता तर स्थानक एकदाच बांधून भागलं असतं.

दालनाची किंमत कळायला ॲमस्टरडॅमचं उदाहरण पुरेसं आहे. 2018 मध्ये लंडनहून तिथे थेट गाडी सुरू झाली. मात्र परतताना प्रवाशांना ब्रसेल्सला उतरून पासपोर्ट दाखवावा लागे, कारण ॲमस्टरडॅमच्या स्थानकात तपासणीची सोय नव्हती. रूळ होते, गाडी होती, प्रवासी होते. तरी परतीची थेट गाडी 2020च्या ऑक्टोबरपर्यंत सुटली नाही. पुढे दालन नव्या जागी न्यायचं होतं म्हणून 2024च्या जूनपासून काही महिने ती पुन्हा बंद ठेवावी लागली. लंडनचं तळघरही ब्रेक्झिटनंतर तोकडं पडू लागलं आहे, कारण ब्रिटिश प्रवाशांच्या पासपोर्टवरही शिक्के बसू लागले आणि प्रत्येक माणसामागे वेळ वाढला आहे.

आता कोलकाता. फाळणीनंतरही पूर्व पाकिस्तानात जाणाऱ्या गाड्या सियालदाहून सुटत असत. 1965च्या युद्धात त्या बंद पडल्या. 14 एप्रिल 2008 रोजी, बंगाली नववर्षाच्या दिवशी, ढाक्याची मैत्री एक्स्प्रेस सुरू झाली तेव्हा हावडा सोयीचं नव्हतंच, कारण ते हुगळीच्या पश्चिम काठावर आहे आणि बांगलादेश पूर्वेला. सियालदाला लोकलची इतकी गर्दी की एखादा फलाट कुंपण घालून वेगळा काढणं अवघड. चितपूरच्या मालगाड्यांच्या यार्डात मात्र ‘कोलकाता’ नावाचं नवं स्थानक 2006 मध्ये सुरू झालेलं होतं आणि तिथे जागा होती. एवढं करून पहिली नऊ वर्षं कागदपत्रांची तपासणी सीमेवरच्या गेदे आणि दर्शना स्थानकांतच व्हायची. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया सामानासकट उतरायच्या आणि तासन् तास खोळंबायच्या. नोव्हेंबर 2017 मध्ये तपासणी कोलकाता आणि ढाका छावणी या दोन टोकांच्या स्थानकांवर आणली आणि प्रवास काही तासांनी कमी झाला. रूळ तेच, गाडीही तीच. जुलै 2024 मध्ये बांगलादेशातल्या अशांततेमुळे ही गाडी थांबली.

मुलीकडे पुन्हा जाणं झालं आणि सेंट पॅन्क्रसच्या त्या रांगेत उभ्या राहिलात, तर बाजूच्या लोखंडी खांबांना जरूर हात लावून पाहा. वरच्या रुळांचा भार ते 1868 पासून पेलत आहेत.