बरं वाटतंय, तरी मोजा

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१च्या एप्रिल-मेमध्ये, रात्री-अपरात्री फोन यायचे. काही जण दर दहा मिनिटांनी ऑक्सिमीटर बोटाला लावून बसलेले असत. ९८चे ९७ झाले की त्यांच्या छातीत धस्स व्हायचं. काहींचा आकडा ८८ असायचा आणि ते म्हणायचे, "मला काहीच होत नाही हो, घरचेच उगाच काळजी करतात." मला जास्त धास्ती वाटायची ती या दुसऱ्यांची.

घाबरलं की श्वास भराभर चालतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. मग बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, गरगरतं, छाती आवळल्यासारखी वाटते. हा त्रास खराच असतो, पण ऑक्सिजन बहुधा पुरेसा असतो. करोनात काही रुग्णांचं उलटं व्हायचं. दम लागल्याची जाणीव मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यावर होते. तो बाहेर पडत राहिला, की ऑक्सिजन खाली आला तरी धाप जाणवत नाही.

म्हणून साथीच्या काळात ताप-खोकला असेल तर सकाळ-संध्याकाळ मोजा आणि वहीत लिहा. नेलपॉलिश काढा, गार पडलेला हात चोळून ऊब आणा, पाच मिनिटं स्वस्थ बसा. आकडा स्थिर झाल्यावरच वाचा. मधल्या वेळात यंत्र कपाटात ठेवा. सतत मोजल्याने काळजीच वाढते. त्या लाटेत राज्याच्या आरोग्य विभागाने सांगितलेली सहा मिनिटं चालण्याची चाचणीही उपयोगी आहे. साठीच्या पुढच्यांनी तीनच मिनिटं चालावं, दमेकऱ्यांनी ती करू नये. चालून आकडा तीनपेक्षा जास्त उतरला तर डॉक्टरांना कळवा.

काळजी वाटणं वाईट नाही. तिच्यामुळेच आपण मास्क लावतो, खिडक्या उघडतो, वेळेत तपासणी करतो, आजीपासून लांब झोपतो. पण त्याच काळजीपोटी अनेकांनी व्हॉट्सअॅपवरची चिठ्ठी दाखवून पहिल्याच दिवशी स्टिरॉइड सुरू केलं. ऑक्सिजन उतरलेल्या रुग्णाला जीवदान देणारं हे औषध इतरांची साखर भडकवतं, प्रतिकारशक्ती खाली आणतं. म्युकरमायकोसिसला त्यानेच वाट मिळाली. कृपा करून हे पुन्हा करू नका.

आणि बसल्या जागी आकडा ९४च्या खाली सलग दोनदा आला, तर बरं वाटत असलं तरी सकाळची वाट पाहू नका. लगेच रुग्णालय गाठा.