भाव उतरतील म्हणून थांबावं का?

प्रश्न : आम्ही दोघंही धामणगाव रेल्वेला शिक्षक आहोत. मिळून वर्षाचं उत्पन्न साडेआठ लाख. महिना ७,००० रुपये किरायाने राहतो. गावाच्या कडेला एका लेआउटमध्ये बांधून तयार असलेलं घर पाहिलं आहे. मालक २८ लाख सांगतो. सहा लाख रुपये घरासाठी आणि दोन लाख रजिस्ट्रीसाठी जमवले आहेत, बाकी २२ लाख कर्ज काढावं लागेल. त्या घरावर दोन वर्षांपासून ‘विकणे आहे’ची पाटी लागलेली आहे, आजूबाजूचे प्लॉटही पडून आहेत. दलाल म्हणतो, आताच घेऊन टाका, समृद्धी महामार्गामुळे भाव वाढणारच. सासरे म्हणतात, कापसाला भाव नाही, सोयाबीन मातीमोल गेलं, थांबा, घरं अजून स्वस्त होतील. आम्ही कोणाचं ऐकावं?
— एक शिक्षिका, धामणगाव रेल्वे

उत्तर : सासऱ्यांचं अर्धं ऐका. दलालाचं ऐकायची गरज नाही, कारण तुम्ही वर्षभर थांबलात तर नुकसान त्याचं आहे, तुमचं नाही. तसं का, ते हिशेबानेच पाहू.

सासरे म्हणतात ते कारण खरं आहे. धामणगावात घर-प्लॉट घेणारा पैसा शेवटी बाजार समितीच्या आवारातून आणि जिनिंगच्या गेटातूनच येतो. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये आणि सोयाबीनचा ५,३२८ रुपये ठरला, पण खुल्या बाजारात कास्तकाराला त्याच्या बरंच खाली विकावं लागलं. त्यात केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून वर्षअखेरपर्यंत कापसावरचं आयातशुल्क माफ केलं. चुकारे आखडले की पहिला थांबतो तो प्लॉटचा सौदा. कापूस पडला की जमिनीचा सट्टा बसतो, हे आपल्याकडे काही नवीन नाही. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि त्याच पैशावर मुंबईत उभ्या राहिलेल्या भरणीच्या कंपन्या, बॅक बे रेक्लमेशनसकट, काही महिन्यांत झोपल्या. तेव्हा नागपूरपर्यंत रेल्वेही पोचली नव्हती. ती १८६७ ची गोष्ट.

पण सासऱ्यांचा पुढचा निष्कर्ष मला पटत नाही. सौदे थांबले म्हणजे भाव पडतातच असं नाही. अमेरिकेत २००६ नंतर घरांचे भाव देशभरात सरासरी पाव हिस्स्याहून जास्त उतरले आणि तळ गाठायला २०१२ उजाडलं, कारण तिथे हप्ते थकलेली लाखो घरं बँकांनी ताब्यात घेऊन बाजारात काढली. आपल्या तालुक्यातला प्लॉटवाला सहसा कर्जबाजारी नसतो. समृद्धी महामार्गासाठी २०१७ पासून थेट खरेदीने जमिनी गेल्या, मोबदला मिळाला, आणि त्यातला बराच पैसा पुन्हा जमिनीतच मुरला असं माझं मत आहे. अशा माणसाला विकायची घाई नसते. त्याच्या प्लॉटवर कुंपण आहे, आत गवत वाढलं आहे आणि तो पाच वर्षांपूर्वीचाच भाव सांगतो. पुण्या-मुंबईतही साधारण २०१३ ते २०२० या काळात हेच झालं. आकडा फारसा हलला नाही, महागाई मात्र वाढत गेली आणि घर खऱ्या अर्थाने तेवढं स्वस्त झालं. त्यामुळे २८ चे उद्या १८ होतील या आशेवर राहू नका. दोन-तीन लाख कमी होणं आणि अटी तुमच्या सोयीच्या होणं, मंदीतून एवढंच मिळतं. तेही थोडं नाही.

आता थांबण्याचा खर्च काढू. २२ लाखांचं कर्ज ८ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे १८,४०० रुपये बसतो. पहिल्या वर्षी भरलेल्या रकमेतले साधारण १ लाख ७४ हजार निव्वळ व्याजात जातात. तुमचे सहा लाख मुदत ठेवीत साडेसहा टक्क्यांनी असते तर ३९ हजार मिळाले असते, तेही बुडाले. म्हणजे पहिल्या वर्षाचा खर्च २ लाख १३ हजार. किराया वर्षाला ८४ हजार. फरक १ लाख २९ हजारांचा, म्हणजे २८ लाखांच्या साडेचार टक्क्यांहून थोडा जास्त. घराचा भाव वर्षात एवढा वाढला तरच थांबून तुमचं नुकसान. दोन वर्षं पाटी लटकलेलं घर वर्षात साडेचार टक्के वाढेल का, हे दलालालाच विचारा आणि त्याचा चेहरा पाहा. (घरपट्टी आणि डागडुजी मी धरलीच नाही.)

व्याजदर उतरतील म्हणून थांबायचं असेल तर ते मात्र निरर्थक आहे. रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या फेब्रुवारी ते डिसेंबर या काळात रेपो दर साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आणला. बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं ऑक्टोबर २०१९ पासून अशा बाहेरच्या दराला जोडलेली असतात. तुम्ही आज कर्ज घेतलं आणि दर पुढे उतरला, तर तुमचाही उतरतो.

धामणगावचा भाव वर गेला की खाली आला, हे कुठेही छापून येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या घरभाव निर्देशांकात फार तर नागपूरपर्यंतची शहरं. पण एक साधन फुकट हाताशी आहे आणि ते फार कमी लोक वापरतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’ आहे. तिथे जिल्हा, गाव, सर्व्हे किंवा प्लॉट नंबर आणि साल टाकलं की त्या जागेच्या दस्तांची ‘सूची क्रमांक दोन’ दिसते. एका पानाचा कागद असतो. त्यातलं दुसरं कलम ‘मोबदला’, म्हणजे दोघांनी कागदावर लिहिलेली किंमत. तिसरं ‘बाजारभाव’, म्हणजे सरकारी दराने निघणारी किंमत. पाचव्यात क्षेत्रफळ, नवव्या-दहाव्यात दस्ताच्या आणि नोंदणीच्या तारखा. त्या लेआउटमधले गेल्या तीन वर्षांचे सगळे दस्त एका संध्याकाळी काढा, मोबदल्याला क्षेत्रफळाने भागा आणि वहीत तारखेप्रमाणे लिहा. दोन गोष्टी कळतील. एक, वर्षाला सौदे किती झाले. दुसरी, मालक सांगतो त्या भावाला प्रत्यक्षात कोणी घेतलं आहे का. घरमालकाने स्वतः तो प्लॉट कितीला घेतला होता, तेही बहुतेक त्यातच सापडेल.

दुसऱ्या आणि तिसऱ्या कलमातले आकडे पुष्कळदा शेजारीशेजारी, जवळजवळ सारखेच दिसतील. त्यात दोन अडचणी दडलेल्या आहेत. पहिली रोखीची. मालक म्हणेल, २८ लाखांतले २० कागदावर घ्या, आठ हातात द्या. असं केलंत तर बँक कर्ज २० वर मोजेल, २८ वर नाही. शिवाय जमीन-घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, हे त्याला शांतपणे सांगा. तुम्ही पगारदार, तुमचा सगळा पैसा पांढरा. मंदीच्या बाजारात पूर्ण पैसे चेकने देणारं गिऱ्हाईक सहज मिळत नाही. या जोरावरच घासाघीस करा.

दुसरी अडचण रेडी रेकनरची, म्हणजे त्याच सरकारी दरांची. बाजार खाली आला तरी हे दर आपोआप खाली येत नाहीत. दोन वर्षं ते जैसे थे होते, पण १ एप्रिल २०२५ ला वाढले आणि नगरपरिषद-नगरपंचायत क्षेत्रात सरासरी वाढ ४.९७ टक्के होती. समजा या घराची सरकारी किंमत २६ लाख निघते आणि तुम्ही भांडून ते २२ ला मिळवलं. मुद्रांक शुल्क तरी २६ वरच लागेल. त्यातून सरकारी किंमत मोबदल्याच्या १० टक्क्यांहून जास्त वर गेल्यामुळे मधले चार लाख तुमचं उत्पन्न मानून त्यावर प्राप्तिकर लागतो. सरकारी मूल्यांकनाला आव्हान देता येतं, पण तो वेळखाऊ मार्ग आहे. म्हणून आधी सरकारी किंमत काढा, तिच्यापेक्षा फार खाली ओढू नका. २६ असेल तर २४ च्या आसपास तुमची सोयीची मर्यादा येते.

मला सर्वात जास्त भरवसा मात्र या घराच्या रिकामपणावर वाटतो. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया उथळ असला, खाली मुरूम नीट भरलेला नसला, की घर पहिल्या-दुसऱ्या वर्षातच बोलायला लागतं. हे घर दोन पावसाळे उभं आहे. भर मे महिन्यात जाऊन खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या निघालेल्या भेगा पाहा. भिंत आणि बाहेरची फरशी यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट पडली आहे का, दारं चौकटीत घासतात का, ते पाहा. मग सप्टेंबरात पुन्हा जा. मालकाने मध्येच लांबी भरून नवा रंग दिलेला दिसला तर विचारा, का दिला. नुकतंच बांधून झालेलं घर ही परीक्षा देऊ शकत नाही. म्हणून एक पावसाळा थांबणं मला वाजवी वाटतं.

कागदांबद्दल थोडक्यात सांगते. अकृषक आदेश, नगररचनेची लेआउट मंजुरी, मालकाच्या नावाचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि बांधकाम परवानगी हे चारही हवेत. शेतातून पाडलेले एक-दोन गुंठ्यांचे तुकडे नियमित करायची वाट सरकारने अलीकडे मोकळी केली आहे, पण ‘होऊन जाईल’ या शब्दावर इसार देऊ नका. गावातल्या जुन्या जागेचा पर्याय आला तर ती नझूल भाडेपट्ट्याची आहे का, हे विचाराच. लेआउट ५०० चौरस मीटरच्या वरचा असेल तर महारेराची नोंदणीही पाहा. अशा प्रकल्पात करार नोंदवल्याशिवाय विकासकाला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

तुमच्या बाजूने दोन गोष्टी आहेत, त्या विसरू नका. घर तुमच्या एकटीच्या नावाने घेतलंत तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे, म्हणजे २५ हजारांच्या आसपास वाचतात. आणि पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मध्ये वर्षाला नऊ लाखांपर्यंत उत्पन्न, ३५ लाखांपर्यंतचं घर आणि २५ लाखांपर्यंतचं कर्ज असलेल्यांना व्याजात १ लाख ८० हजारांपर्यंत अनुदान आहे. ते पाच वार्षिक हप्त्यांत मिळतं. तुम्हा दोघांच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं, ही अट आहे. सासऱ्यांचं घर त्यांच्या नावावर असेल तर अडचण नाही. घर योजनेत बसतं का, ते मात्र कर्ज देणाऱ्या बँकेकडून आधी लेखी विचारून घ्या. आणि पुढच्या पगारवाढीनंतर तुमचं उत्पन्न नऊ लाखांच्या वर जाणार असेल, तर थांबण्याला ही एक खरी मुदत आहे.

भाव कधी बोलायचा? दिवाळी ते होळी गावात पैसा फिरतो, तेव्हा मालक ताठ असतो. मे-जूनमध्ये पेरणीचं बी-खत आणि पोरांच्या अॅडमिशनची फी एकदमच अंगावर येते, तेव्हा तोच फोन करतो. बोलणी त्या दिवसांत करा. भावाबरोबर मुदतही मागा. इसार थोडा, रजिस्ट्री दिवाळीनंतर, आणि मध्ये पावसाळा. पावसाळ्यात भेग निघाली तर इसार परत, हे इसारचिठ्ठीत लिहून घ्या. रजिस्ट्री मार्च ओलांडू देऊ नका, कारण नवे सरकारी दर १ एप्रिलला लागतात.

थोडक्यात माझा कौल असा. कागद साफ असतील आणि सप्टेंबरातही भिंती शाबूत असतील, तर २५ लाखांपर्यंत घ्या आणि नंतर दुसऱ्याला आणखी स्वस्त मिळालं का, हे पाहत बसू नका. मालक २८ वरच अडून बसला तर निघून या. तोवर किराया वेळेवर देत राहा आणि घरमालकाशी बिघडवू नका. ७,००० रुपयांत राहायला मिळतंय, ही या सौद्यात तुमची सगळ्यात भक्कम बाजू आहे.